व्यापक अभ्यास की एकाच विषयाचा ध्यास?

बारावीचा निकाल हाती आला, की घरोघरी एक प्रश्न उभा राहतो. मुलाने एकच विषय धरून त्यात पारंगत व्हावे, की चार विषयांचा परिचय करून घ्यावा? वडीलधारी मंडळी बहुधा पहिल्या पक्षाची असतात. एका विषयात प्रावीण्य आले म्हणजे उपजीविकेची चिंता मिटली, असा त्यांचा हिशेब असतो; आणि तो अगदीच निराधार आहे, असे कोण म्हणेल?

हा वाद जुनाच आहे. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली १९४८ मध्ये नेमलेल्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने, पदवीच्या विद्यार्थ्याला विज्ञान, सामाजिक शास्त्रे आणि साहित्यादी विद्या या तिन्हींची ओळख घडविणाऱ्या सर्वसाधारण शिक्षणाचा आग्रह धरला होता. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तोच धागा पुन्हा उचलला. आता मुख्य विषयाच्या जोडीला दुसऱ्या शाखेतील विषय घेण्यास वाव आहे.

पण व्यापक अभ्यास म्हणजे नेमके काय? याचे उत्तर मला दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या चरित्रात सापडते. गोव्यात १९०७ साली जन्मलेले कोसंबी हार्वर्ड विद्यापीठात शिकत असताना, त्यांनी गणितावरच लक्ष केंद्रित करावे, असा सल्ला प्रख्यात गणितज्ञ बर्कहॉफ यांनी त्यांना दिला होता. त्यांनी तो मानला नाही. गणिताबरोबर अनेक भाषा व इतर विषय ते शिकत राहिले. १९२९ मध्ये पदवी घेऊन ते परतले आणि पुढे गणिताचेच अध्यापक झाले.

संख्याशास्त्र आत्मसात करण्यासाठी त्यांनी जे उदाहरण निवडले, ते होते प्राचीन आहत नाण्यांचे. नाणे हातोहाती फिरते तसे झिजते. म्हणून एका काळच्या पुष्कळ नाण्यांचे वजन केले, तर सरासरी वजन घटलेले आणि वजनांतील तफावत वाढलेली आढळते. या झिजेवरून नाण्यांचा कालानुक्रम लावता येईल, हे त्यांनी ओळखले. त्यासाठी तराजू घेऊन हजारो नाणी तोलली. चलनातली नाणीसुद्धा तोलून पाहिली! मग ही नाणी पाडली कोणी, हा प्रश्न त्यांना इतिहासाकडे आणि संस्कृत ग्रंथांकडे घेऊन गेला. भर्तृहरीच्या सुभाषितांची त्यांनी सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती १९४८ ची, तर भारतीय इतिहासावरील त्यांचा गाजलेला इंग्रजी ग्रंथ १९५६ चा. आनुवंशशास्त्रात जनुकांमधील अंतर काढण्यासाठी त्यांनी १९४४ मध्ये मांडलेले सूत्र आजही त्यांच्याच नावाने वापरले जाते.

वाचकहो, हा सारा विस्तार एका भक्कम पायावर उभा होता. गणित पक्के नसते, तर ती नाणी केवळ संग्रहातच राहिली असती. दहा विषयांची तोंडओळख करून कोणत्याही एकात न रमलेला पदवीधर म्हणजे व्यापक शिक्षणाचा नमुना नव्हे. मात्र सतराव्या वर्षीच इतर सारी दारे लावून घेणेही मला अनाठायी वाटते.

तेव्हा मुलाचा मुख्य विषय त्याच्या ओढीने ठरू द्या, आणि जोडविषय केवळ सोपा म्हणून घेऊ देऊ नका. अर्थशास्त्र शिकणाऱ्याला संख्याशास्त्र, वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्याला भूगोल असा कामाचा सांधा शोधावा. माहितीपुस्तिकेतील विषयांची यादी मात्र लांबलचक असली, तरी ते शिकविणारे अध्यापक खरोखर आहेत का, आणि निवडलेल्या दोन विषयांचे तास एकाच वेळी तर येत नाहीत ना, एवढे शुल्क भरण्यापूर्वी महाविद्यालयात जाऊन विचारून घ्यावे.