सडपातळ देहाची कैफियत

लोणावळ्याच्या बाजारपेठेतून परतीच्या गाडीकडे निघालेल्या प्रवाशाच्या हाती चिक्कीचा पुडा नसेल असे सहसा घडत नाही. आणि त्या पुड्याकडे पाहून, डब्यात समोर बसलेले एखादे वयस्क गृहस्थ 'आमची साखर निघाली हो, आता हे सुख आम्हांला वर्ज्य' असे म्हणून सुस्कारा टाकतात, तेव्हा लोकांच्या कचेरीत मधुमेहाच्या फिर्यादीचा निकाल केव्हाच लागून गेलेला आहे, हे ध्यानी येते. आरोपी गूळ आणि साखर, साक्षीदार जीभ. परंतु आपल्याच पुणे जिल्ह्यात गेली तीस वर्षे या रोगाचा जो चिकाटीचा तपास चालला आहे, त्याची कागदपत्रे चाळली असता असे दिसते की, हा आरोपी फार तर साथीदार ठरेल. गुन्ह्याचे मूळ ताटात नव्हे, तर कित्येकदा जन्माच्याही आधी, मातेच्या उदरात शोधावे लागते.

सुश्रुताने प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या रोगाचे, सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद करून पहिल्याचा रोगी कृश व दुसऱ्याचा स्थूल असतो असे नोंदवून ठेवले आहे. आधुनिक वैद्यकही दोन प्रमुख प्रकार मानते: एकात स्वादुपिंडातील इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशीच नष्ट होतात, दुसऱ्यात इन्सुलिनचा हुकूम सुटतो, पण स्नायू आणि यकृत यांच्याकडून त्याची अंमलबजावणी नीट होत नाही, आणि ती करवून घेता घेता स्वादुपिंड थकते. हा दुसरा प्रकार लठ्ठ माणसाचा, अशी पाश्चात्त्य ग्रंथांची शिकवण. मग आपल्याकडील काटक, सडपातळ माणसाला तो ऐन चाळिशीत का गाठतो?

या प्रश्नाचे एक मार्मिक उत्तर 2004 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात एका छायाचित्राच्या रूपाने प्रसिद्ध झाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन हे दोघे त्यात शेजारी शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, 22.3, परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण मोजले तेव्हा युडकिन यांचे भरले 9.1 टक्के आणि याज्ञिकांचे 21.2. तराजूने दोघांना एकाच मापात तोलले होते. एकाच्या अंगी स्नायू होते, दुसऱ्याच्या अंगी चरबी, एवढे सांगणे त्याच्या शक्तीबाहेरचे होते.

ही चरबी येते कोठून, याचा शोध त्याआधीच सुरू झाला होता. 1993 मध्ये याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरडवाहू पट्ट्यातील सहा खेडी निवडली, तेथील विवाहित स्त्रियांची गर्भधारणेपूर्वीच मोजमापे घेतली आणि पुढे जन्मलेली बालके वर्षानुवर्षे नजरेखाली ठेवली. त्या मातांचे सरासरी वजन अवघे 42 किलोच्या आसपास; बालकांचे 2.7 किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे 3.5 किलो. इतक्या हडकुळ्या अर्भकाच्या अंगी चरबी असेल तरी किती, असे कोणासही वाटावे. प्रत्यक्षात उणीव होती ती स्नायूंची आणि उदरातील अवयवांची. पाठीवरची कातडी चिमटीत धरून मोजलेला मेद मात्र त्या मानाने पुष्कळच शाबूत होता. डेव्हिड बार्कर आणि निकोलस हेल्स या इंग्रज संशोधकांनी 1992 मध्ये मांडलेली उपपत्ती येथे आठवते: उदरातच टंचाई सोसणारा गर्भ मेंदूचा वाटा राखतो, इतर खात्यांना कात्री लावतो, आणि पुढे सुबत्ता आली की हाच काटकसरीचा कारभार त्याच्या अंगावर उलटतो.

टंचाई नुसत्या भाकरीचीही नव्हती. ज्या माता पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खात त्यांची बाळे थोराड निपजत, आणि शेतातील कष्ट व विहिरीचे पाणी वाहणे जिला अधिक तिचे बाळ लहान. शिवाय सुमारे दोनतृतीयांश मातांच्या रक्तात बी-12 या जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. दूध, अंडी आणि सामिष अन्न यांतून ते मिळते, आणि ज्या घरात गळ्यात माळ आहे व दूध डेअरीला जाते, त्या घरातील सुनेच्या वाट्याला ते कितीसे येणार? बी-12 कमी आणि फोलेट हे दुसरे जीवनसत्त्व अधिक अशा मातांची मुले सहाव्या वर्षीच इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देतात, हा निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे याच मुलामुलींना, ते स्वतः आईबाप होण्याआधी, रोज अल्प मात्रेत बी-12 देऊन त्यांच्या संततीवर काय परिणाम होतो हे पाहण्याचा प्रयोगही हाती घेण्यात आला. एका रोगाच्या तपासासाठी तीन पिढ्यांचे दप्तर ठेवण्याची ही चिकाटी मला त्यातील कोणत्याही आकड्याइतकीच मोलाची वाटते.

ती सहा खेडी लोणावळ्याच्या या मावळातली नव्हेत. पण मावळातील माणसाने निर्धास्त राहावे असेही नाही. डोंगर चढून उतरणारा, इंद्रायणीचा भात खाऊन दिवसभर खाचरात वाकणारा देह तोच राहिला. मात्र द्रुतगती मार्ग झाला, तळेगावला कारखाने आले, सातबारावरचे नाव गेले आणि दारात मोटार उभी राहिली. भात तेवढाच, चालणे मात्र सुटले. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातील साखर आत ओढून घेतो, हे शरीरशास्त्राचे साधे सत्य आहे. लोणावळ्याच्या कैवल्यधामात, जेथे स्वामी कुवलयानंदांनी 1924 पासून योगक्रियांना प्रयोगशाळेच्या कसोटीवर चढविले, तेथे आज मधुमेही उपचाराला येतात. त्यांच्या आसनांची मला चेष्टा करावयाची नाही. परंतु आसनाच्या भरवशावर इन्सुलिन परस्पर बंद करणारा मनुष्य स्वामींच्या प्रयोगनिष्ठेचा वारसदार नव्हे, एवढे बोलून ठेवतो.

उपद्रवांत डोळा आणि मूत्रपिंड यांची नावे लोकांना ठाऊक असतात. मावळात मला भय वाटते ते पायाचे. रक्तात सतत वाढलेली साखर प्रथिनांना चिकटत राहते. तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात, म्हणून हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेवरून मागील तीन महिन्यांचा जमाखर्च काढता येतो. हीच साखर सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती बिघडविते आणि त्यांच्यावर पोसणारे मज्जातंतू निकामी करते. त्यांतही जो सर्वांत लांब, म्हणजे तळपायापर्यंत पोहोचणारा, तो आधी जातो. पुढचे चित्र ज्याने आषाढातील लावणी पाहिली आहे त्याला सांगावयास नको: गुडघाभर चिखल, अनवाणी पाय, आत दडलेली काचेची कपची किंवा बाभळीचा काटा, आणि काही रुतले याची वर्दी मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. दुखत नाही म्हणून जखम पाहिली जात नाही, रक्तपुरवठा अपुरा म्हणून ती भरत नाही, आणि महिन्याभराने शस्त्रवैद्यापुढे प्रश्न उरतो तो बोट कापावे की पाऊल.

तेव्हा ज्यांची साखर निघाली आहे त्यांनी या हंगामात शक्यतो अनवाणी खाचरात उतरू नये, उतरावेच लागले तर घरी आल्यावर पाय धुऊन, पुसून, उजेडात दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या निरखून पाहाव्यात. आणि नजर अधू असेल तर घरातल्या नातवाला पाहावयास सांगावे.