थाळी हातातून सुटताना

महाड-पोलादपूरकडे तालुक्याच्या शालेय स्पर्धा बऱ्याचदा पावसाळ्यातच येतात. मैदानात चिखल, थाळी ओली. अंगाने दणकट पोराची थाळी लडबडत जवळच पडते आणि एखाद्या काटकुळ्याची तरंगत पुढे जाते. हा फरक बहुतेक वेळा थाळी बोटांतून सुटताना पडलेला असतो.

थाळी मुठीत आवळायची नसते. चार बोटांची शेवटची पेरं कडेवर अडकवायची आणि अंगठा सपाट बाजूवर नुसता टेकवायचा. पडेल या भीतीने मुलं ती घट्ट धरतात. पण हात वेगाने फिरू लागला की थाळी आपसूक बोटांवर दाबली जाते. सुटताना आधी करंगळी मोकळी होते, शेवटी तर्जनी. तर्जनीच्या त्या शेवटच्या ओढीने थाळीला फिरकी मिळते. उजव्या हाताची थाळी वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. करंगळीकडून निसटली तर उलटी फिरते आणि फेक वाया जाते.

फिरकी हवी कशाला? भोवरा गरगरतोय तोवर आरीवर उभा राहतो, तसाच फिरत्या थाळीचा कल टिकून राहतो. कल टिकला तरच खालून येणारी हवा तिला उचलून धरते. फिरकी कमी पडली की थाळी डुगडुगते आणि हवा तिला उचलण्याऐवजी अडवते.

आता कोन. 45 अंशांत फेकलं की सर्वांत लांब जातं, हे पुस्तकी गणित हवेचा विचार करत नाही. थाळीला हवेची उचल मिळते, शिवाय फार वर फेकताना हाताचा वेगही घटतो. म्हणून चांगले खेळाडू साधारण 35 ते 40 अंशांत फेकतात. थाळीची पुढची कड मात्र तिच्या वाटेपेक्षा वर उचललेली नसावी, किंचित खालीच असलेली बरी. कड वर गेली की थाळी आभाळाकडे तोंड करून थबकते आणि धपकन खाली येते. लांबून ही फेक फार झोकदार दिसते, टाळ्याही मिळतात; टेप लावला की कळतं.

वाऱ्याचं गणित तर उलटंच आहे. समोरून येणारा मध्यम वारा फायद्याचा, कारण त्याने उचल वाढते. थाळीफेकपटू युर्गेन शुल्टचा 1986 मधला 74.08 मीटरचा जागतिक विक्रम लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्नाने 2024 मध्ये 74.35 मीटर फेकून मोडला आणि 2025 मध्ये तो 75.56 वर नेला. दोन्ही फेकी अमेरिकेतल्या रमोना या गावच्या, वाऱ्यासाठीच नावाजलेल्या मैदानावरच्या.

डिस्क गोल्फच्या प्लास्टिकच्या चकतीलाही हेच नियम लागू पडतात. ती जेमतेम पावणेदोनशे ग्रॅमची, पुरुषांची थाळी दोन किलोची. त्यामुळे चकतीत चूक लगेच दिसते. उजव्या हाताने, बॅकहँडने फेकलेली चकती वेग ओसरला की डावीकडे वळते. हवेचा दाब पुढची कड वर ढकलू पाहतो, पण फिरकीमुळे चकती वर न उचलता डाव्या अंगाला कलते. उतरत्या थाळीचंही तसंच.

आपल्याकडे पहिल्याच आठवड्यात मुलांना गिरकी शिकवतात, हे मला पटत नाही. आधी थाळी जमिनीवर घरंगळवून पाहावी. तर्जनीवरून नीट सुटली तर ती कडेवर उभी राहून सरळ धावते, नाहीतर चार पावलांत आडवी होते. ती सरळ धावू लागली की जागेवर उभं राहून फेकावं. अडीच मीटरच्या वर्तुळातली गिरकी त्यानंतर.