घरच्या प्रोजेक्टरचा ‘थोडासा करंट’

इंदापूर तालुक्यातल्या निमगाव केतकीत आषाढी वारीच्या दिवसांत घरोघरी पाहुणे असतात. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती सोडून सणसरमार्गे पुढे सरकते, बेलवाडीला गोल रिंगण होते आणि मग निमगाव केतकीत मुक्काम पडतो. अश्व धावला की शेकडो हात फोन घेऊन वर जातात. पण ते चित्रीकरण दहा जणांनी एका फोनवर बघायचे म्हणजे डोक्याला डोके लावून बसावे लागते.

समजा, अशाच एका घरी पुतण्याने पुण्याहून छोटा प्रोजेक्टर आणला आहे. पडवीतली पांढरी भिंत मोकळी केली आहे. प्रोजेक्टरला डिशचा सेट-टॉप बॉक्स, लॅपटॉप आणि जत्रेत आणलेला मोठा स्पीकर जोडायचा आहे. बाहेर रिपरिप पाऊस, लादी ओली, पोरे अनवाणी. पुतण्या लॅपटॉपची केबल प्रोजेक्टरच्या खाचेत घालायला जातो आणि हात झटकन मागे घेतो.

‘‘तात्या, करंट मारतोय ह्याला.’’

‘‘लई नाही मारत, नुसतं झिणझिणतंय. स्लिपर घाल पायात अन् लाव.’’

स्लिपर घातली की झिणझिण्या थांबतात, भिंतीवर चित्र येते आणि विषय संपतो. हाच संवाद थोड्याफार फरकाने महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत होतो. कुठे टीव्हीच्या मागे हात घालताना, कुठे चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या पत्र्याच्या कडेवरून बोट फिरवताना. बहुतेक वेळा त्यातून काही वाईट होत नाही, म्हणून लोकांना तो उपकरणाचा स्वभाव वाटतो. प्रत्यक्षात त्या झिणझिण्या घरातल्या वायरिंगबद्दल एक नेमकी गोष्ट सांगत असतात.

आजच्या जवळजवळ सगळ्या उपकरणांत २३० व्होल्टची वीज कमी दाबाच्या विजेत बदलणारा एक छोटा वीजपुरवठा असतो. तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत काम करतो. त्यातून निघणारा विद्युत गोंगाट रेडिओ-टीव्हीत घुसू नये म्हणून आत बारीक कपॅसिटर बसवलेले असतात. विजेची अगदी थोडी गळती ते उपकरणाच्या धातूच्या भागाकडे सोडतात. हा दोष नसून रचनेचाच भाग आहे. तीन पिनच्या उपकरणात ही गळती तिसऱ्या, जाड पिनेतून अर्थिंगच्या वायरीने जमिनीत जावी, अशी योजना असते. अर्थिंग नसेल तर तिला जायला वाट राहत नाही आणि उपकरणाच्या पत्र्यावर साधारण शंभर-सव्वाशे व्होल्टचा दाब उभा राहतो. ओल्या लादीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाने हात लावला की गळती त्याच्या अंगातून जमिनीत उतरते. दोन पिनच्या चार्जरचा प्रकार थोडा वेगळा असतो. त्याला अर्थिंगची पिनच नसते, पण त्याची गळती मुळातच फार कमी ठेवलेली असते.

आता जोडणीकडे येऊ. एचडीएमआय केबल म्हणजे फक्त चित्र आणि आवाज वाहून नेणारी तार, असे आपण समजतो. पण तिच्या दोन्ही टोकांना धातूची टोपी असते आणि आतल्या तारांवर धातूचे वेष्टण असते. केबल लावली की प्रोजेक्टर, लॅपटॉप, सेट-टॉप बॉक्स आणि स्पीकर या सगळ्यांचे धातूचे भाग एकमेकांना जोडले जातात. प्रत्येकाची थोडी थोडी गळती एकत्र येते. त्यांतल्या एकाही उपकरणात आतला पापुद्रा फाटून खरा ‘फेज’ पत्र्याला टेकला, तर अर्थिंग नसलेल्या घरात तो सगळ्यांच्या पत्र्यांवर येऊ शकतो. बिघाड स्पीकरमध्ये, आणि झटका प्रोजेक्टरला हात लावणाऱ्याला! विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला हात लावण्याआधी पाय कोरडे आहेत ना, हे बघणारा शेतकरी घरात मात्र चार उपकरणे एका साखळीत जोडून निर्धास्त बसतो.

शरीराच्या बाजूने आकडे पाहिले तर हे अंतर किती कमी आहे ते कळते. घरातला प्रवाह साधारण अर्ध्या ते एक मिलिअँपिअरला जाणवू लागतो. त्या झिणझिण्या इथल्याच. दहा मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात. मूठ मिटणारे स्नायू ती उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा ताकदवान असल्याने पकडलेली वस्तू सुटत नाही. ‘विजेने ओढून धरले’ असे लोक म्हणतात ते यालाच. तीस मिलिअँपिअरच्या पुढे, प्रवाह छातीतून गेला आणि काही क्षण टिकला, तर हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरत राहू शकते. त्याला रक्त ढकलता येत नाही. कोरडी, घट्टे पडलेली कातडी बराच अडथळा करते. ओली कातडी फारसा करत नाही. अंग आणि पाय ओले असताना शरीराचा अडथळा हजार ओहमच्या जवळ आला, तर २३० व्होल्टला सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो.

‘आमच्याकडे एमसीबी आहे, ती पडेल की,’ हे उत्तर नेहमी ऐकू येते. सहा अँपिअरची एमसीबी सहा अँपिअरच्या बऱ्याच पुढे गेल्यावर पडते. माणसाच्या अंगातून जाणारा पाव अँपिअर तिला एखाद्या बल्बसारखा वाटतो. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, माणसासाठी नाही. माणसासाठी असते ती आरसीसीबी. काही जण तिला जुन्या सवयीने ईएलसीबी म्हणतात. आत गेलेला आणि परत आलेला प्रवाह ती सतत ताडून पाहते आणि तीस मिलिअँपिअरचा फरक दिसताच सेकंदाच्या काही अंशात वीज तोडते. घरासाठी तीस मिलिअँपिअरचीच घ्यावी. तिच्यावर ‘टी’ अक्षराचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून ती पडते ना, हे पाहावे. ज्या घरात प्रोजेक्टरवर पैसे खर्च होतात, तिथे या पेटीवरही व्हायला हवेत.

आरसीसीबी बसवली म्हणून अर्थिंग टाळता येत नाही, आणि अर्थिंगच्या बाबतीत गावोगावी जे उपाय चालतात ते कधी कधी मूळ रोगापेक्षा वाईट असतात. तिसरी पिन बोर्डात बसत नाही म्हणून ती तोडणे किंवा दोन पिनचा टोपा लावणे, हा त्यातला साधा प्रकार. दुसरा कपटी आहे. बाजारातल्या अनेक स्वस्त एक्स्टेंशन बोर्डांना तीन भोके असतात, पण आतून वायर दोनच तारांची असते. तिसरे भोक नुसते शोभेचे. उपकरण तीन पिनचे, भिंतीतला सॉकेट तीन पिनचा, आणि मधल्या बोर्डात साखळी तुटलेली. तिसरा प्रकार सगळ्यांत धोक्याचा : अर्थिंगची वायर आलेलीच नाही म्हणून सॉकेटमध्येच अर्थिंगचे टोक न्यूट्रलला जोडून देणे. झिणझिण्या लगेच थांबतात, घरमालक खूश होतो. पण कुठेतरी न्यूट्रल तुटला, किंवा दुरुस्तीत फेज आणि न्यूट्रल उलटले, की साखळीतल्या प्रत्येक उपकरणाच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात.

प्रोजेक्टरला मोठा स्पीकर जोडला की आणखी एक मोह होतो. स्पीकरमधून ‘गुंऽऽ’ असा अखंड आवाज येतो, भिंतीवरच्या चित्रात फिकट पट्टे वर सरकत राहतात. दोन उपकरणे वेगवेगळ्या खोल्यांतल्या सॉकेटवर असली आणि केबलनेही जोडलेली असली, की अर्थिंगच्या वाटेने एक वळसा तयार होतो. त्यातून फिरणारी पन्नास हर्ट्झची वीज म्हणजे हा आवाज. एकाची अर्थिंगची पिन काढली की तो जातो, हे खरे आहे. गाण्या-बजावण्याचा सेट लावणारी मुले हे सर्रास करतात. पण आवाजासोबत संरक्षणही जाते. योग्य उपाय म्हणजे सगळी उपकरणे एकाच, तीन तारांच्या चांगल्या बोर्डावर घेणे. तरीही गुणगुण राहिली तर स्पीकरच्या तारेत बसवायचा छोटा आयसोलेटर मिळतो.

इंदापूरसारख्या पर्जन्यछायेतल्या भागात अर्थिंगची आणखी एक अडचण आहे. अर्थिंगचा खड्डा काम करतो तो ओलाव्यावर. म्हणून तर त्यात मीठ आणि कोळसा घालायची जुनी रीत. चैत्र-वैशाखात जमीन भेगाळते आणि पावसाळ्यात उत्तम असलेली अर्थिंग उन्हाळ्यात नावापुरती उरते. घर बांधताना केलेला खड्डा दहा वर्षांत कुणी पाहिलेला नसतो, त्यावर कधी फरशीही आलेली असते. उन्हाळ्यात खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे आणि परवानाधारक वायरमनकडून अर्थ टेस्टर लावून मोजणी करून घ्यावी. पेनासारखा टेस्टर अर्थिंगच्या भोकात घातल्यावर पेटला नाही, म्हणजे अर्थिंग आहे असे होत नाही. तिथे वायरच नसेल तरी तो पेटणार नाहीच. फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावून पाहण्याचा खटाटोप घरच्या घरी करू नये. पूर्वी नळाच्या लोखंडी पाइपाला अर्थिंग बांधत. आता पाइप आणि टाकी दोन्ही प्लास्टिकची असल्याने त्या जोडणीला अर्थ उरलेला नाही.

प्रत्यक्ष जोडताना क्रम पाळला तर बराच त्रास वाचतो. आधी सगळ्यांच्या पिना बोर्डातून काढाव्यात, नुसते बटण बंद करून भागत नाही. मग उपकरणांमधल्या केबल लावाव्यात, आणि शेवटी हात-पाय कोरडे करून पिना बोर्डात घालाव्यात. काढताना उलटा क्रम. यात माणूस तर वाचतोच, उपकरणेही वाचतात. एकीकडे अर्थिंग नसलेला सेट-टॉप बॉक्स आणि दुसरीकडे अर्थिंग असलेला प्रोजेक्टर चालू स्थितीत जोडताना जी ठिणगी पडते, तिने खाचेमागची चिप जळू शकते. जुन्या डीव्हीडी प्लेअरच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांत तर मधली काडी बाहेरच्या कडीच्या आधी टेकते, म्हणून चालू असताना ती लावली की स्पीकर भसकन ओरडतो.

चित्र आले नाही की लोक पिना हलवत बसतात, तेव्हाही हात धातूवरच असतो. बहुतेकदा कारण साधे असते : प्रोजेक्टरच्या रिमोटवर योग्य ‘सोर्स’ निवडलेला नसतो. फोनचे सांगायचे तर टाइप-सीची खाच दिसली म्हणजे तिच्यातून चित्र बाहेर येईलच असे नाही. अनेक फोनमध्ये ती फक्त चार्जिंग आणि फाइल पाठवण्यापुरती असते, मग कुठलीही महागडी केबल आणली तरी उपयोग नसतो. अशा वेळी वायफायवरून चित्र पाठवणे सोपे, आणि इथे तेच अधिक सुरक्षितही. चार्जरला न लावलेला फोन आणि प्रोजेक्टर यांच्यात तारच नाही, म्हणजे गळतीला साखळी नाही. लॅपटॉपचे झिणझिणणे चार्जर काढताच थांबले, तर ती गळती चार्जरच्या वाटेने येत होती हेही कळते.

डिशची केबल गच्चीवरून येते, हे विसरता कामा नये. वळवाच्या किंवा परतीच्या पावसात जवळपास वीज पडली तर तिचा धक्का त्या केबलने सेट-टॉप बॉक्सपर्यंत आणि तिथून एचडीएमआयने प्रोजेक्टरपर्यंत येऊ शकतो. ढगांचा गडगडाट सुरू झाला की खेळ थांबवून पिना आणि डिशची केबल दोन्ही काढाव्यात. पण आधीच, वीज डोक्यावर आल्यावर नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे अॅप आसपासच्या विजांची सूचना फोनवर देते.

पालकांचा प्रश्न बहुधा डोळ्यांबद्दल असतो. दादासाहेब फाळके यांनी सुरुवातीच्या काळात झोप मोडून रोज तासन् तास चित्रपट पाहिले आणि त्यांची दृष्टी काही काळ अधू झाली होती. ती उपचारांनी परत आली. आज भिंतीवरचे दूरचे चित्र बघणे हातातल्या फोनपेक्षा डोळ्यांना कमी ताणाचे आहे. धोका आहे तो उलट्या दिशेने, भिंगात टक लावून बघणाऱ्या लहान मुलांना. प्रोजेक्टर मोठ्या माणसाच्या डोक्याच्या वर लावला की तो प्रश्न बराचसा मिटतो, आणि केबलही पोरांच्या हाती लागत नाहीत.

इतके करूनही कुणाला झटका बसलाच, तर त्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या वस्तूने त्याला दूर करावे. तो शुद्धीत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर १०८ला फोन करायला एकाला सांगून दुसऱ्याने लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी दाब द्यायला सुरुवात करावी : मिनिटाला १०० ते १२०, प्रत्येक दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल, रुग्णवाहिका येईपर्यंत न थांबता. तोंडात पाणी ओतू नये. मातीत किंवा वाळूत झोपवले की अंगातली वीज उतरते, हा समज अजून टिकून आहे; पण संपर्क सुटला की अंगात वीज उरतच नाही आणि त्यात जाणारी मिनिटे परत मिळत नाहीत. माणूस उठून बसला, चहाही प्यायला, तरी मध्ये शुद्ध हरपली असेल, छातीत धडधड किंवा दुखणे असेल, कातडीवर भाजल्याची खूण असेल किंवा बाई गरोदर असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात नेऊन ईसीजी काढावा. भाजल्याची खूण बाहेरून हरभऱ्याएवढी दिसली, तरी आतल्या स्नायूंना झालेली इजा त्याहून मोठी असू शकते.