कामगंध सापळ्यातील परके पतंग

मारेगाव तालुक्यातील कपाशीत गुलाबी बोंडअळीच्या पाळतीसाठी कामगंध सापळे लावले जातात. सापळ्यातील गोळीला मादीसारखा कृत्रिम गंध असतो व त्या वासाने आलेले नर पतंग आत अडकतात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी ८ वा अधिक पतंग सापडले म्हणजे उपाययोजनेची वेळ आली, असा संकेत आहे. मात्र हे पतंग गुलाबी बोंडअळीचेच असले पाहिजेत.

रात्रीच्या अंधारात नर मुख्यत्वे वासाच्या मागावर जातो, आणि जवळच्या जातींचे गंध पुष्कळदा त्याच द्रव्यांचे बनलेले असतात. कपाशी, तूर व हरभऱ्यावरील हिरवी बोंडअळी आणि तंबाखूवरील तिची भाऊबंद अळी यांच्या माद्या मुख्यतः दोनच द्रव्ये सोडतात; परंतु जे द्रव्य एकीच्या गंधात शेकडा नव्वदाहून अधिक, ते दुसरीच्या गंधात नाममात्र असते. एवढ्या खुणेवर नर आपली मादी ओळखतो. हे कुंपण अभेद्य नव्हे. प्रयोगशाळेत एकत्र कोंडल्यास या दोन जातींचा संकर होतो. ब्राझीलमध्ये तर २०१३ साली हिरवी बोंडअळी प्रथम आढळली आणि मक्याच्या कणसावरील तेथील अळीशी उघड्या शेतात तिचा संकर झाल्याचे पुढे जनुकांच्या तपासणीत दिसून आले. अशा संकरातून विषाला दाद न देण्याचा गुणही एका जातीतून दुसरीत जाऊ शकतो.

गुलाबी बोंडअळीच्या गंधातील दोन द्रव्ये १९७३ मध्ये ओळखली गेली. ती जवळजवळ समभाग असतात. त्यांपैकी एक द्रव्य हाच, ज्वारी-गव्हाच्या दाण्यात वाढणाऱ्या धान्याच्या पतंगाचा गंध होय. दोन्ही कीटक एकाच कुळातले. त्यामुळे धान्याच्या कोठीजवळील सापळ्यात हे परके नरही येऊ शकतात. धान्याचा पतंग फिकट, गवताच्या काडीच्या रंगाचा असतो. गुलाबी बोंडअळीचा पतंग करडा-तपकिरी असून पुढील पंखांवर काळसर डाग असतात.

चुकीच्या मोजणीवर केलेली फवारणी केवळ खर्चाची बाब नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शंका असल्यास एकरी २० हिरवी बोंडे ठिकठिकाणांहून तोडून फोडावीत. दोन वा अधिक बोंडांत जिवंत अळी निघाल्यास मात्र विलंब करू नये.