मद्यपींचा तर्क आणि प्रेक्षकांचे हसू : ‘एकच प्याला’तील विनोदाचे स्वरूप

राम गणेश गडकरी यांचे २३ जानेवारी १९१९ रोजी निधन झाले आणि पुढील महिन्यात ‘एकच प्याला’ हे त्यांचे नाटक गंधर्व नाटक मंडळीने बडोदे येथे रंगभूमीवर आणले. मद्यपानाने झालेला एका संसाराचा नाश हा त्याचा विषय. तथापि तळीराम आणि त्याचे ‘आर्य मदिरा मंडळ’ यांच्या प्रवेशांत प्रेक्षागृह हसते. हा विनोद शोकांतिकेला मारक ठरतो काय, असा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो.

या विनोदाचे मूळ झोकांड्या खाण्यात नाही, ते मद्यपींच्या भाषेत आहे. मंडळ म्हटले की सभासद आले, भाषणे आली, सुधारणेचा आवेश आला. शास्त्री आणि खुदाबक्ष तेथे एका बैठकीस बसतात; सुधारकांना व्यासपीठावर जे ऐक्य साधले नाही, ते येथे बाटलीभोवती साधते. तत्कालीन सार्वजनिक सभांची सारी प्रतिष्ठित परिभाषा मद्यपी उसनी घेतात, हे हास्याचे कारण होय.

ही युक्ती प्राचीन आहे. सातव्या शतकात पल्लवराज महेंद्रवर्म्याने लिहिलेल्या ‘मत्तविलास’ प्रहसनात कापालिक सत्यसोमाला कांचीच्या मद्यगृहात साक्षात यज्ञभूमी दिसते. त्याचे हरवलेले कपाल कुत्र्याने पळविलेले असते. आळ मात्र बौद्ध भिक्षूवर येतो. तेथे यज्ञाची भाषा, तर गडकऱ्यांकडे सभेची. दोन्हीकडे धुंदीत तर्क सुटत नाही. उलट तो अधिकच डौलाने चालतो. फरक असा की, प्रहसनात कपाल परत मिळते आणि सर्व काही निभावते. गडकऱ्यांच्या नाटकात गेलेले काहीच परत येत नाही.

वकिलीची सनद काही काळ रद्द झाल्याच्या अपमानाने सुधाकर पेला उचलतो, तोही तळीरामाच्या हातून. मंडळात विनोदी वाटलेला युक्तिवादच येथे सबब होऊन बसतो. तळीरामाच्या आजारात डॉक्टर आणि वैद्य यांच्यात जुंपते, तेव्हाही प्रेक्षक हसतात. पण रोगी हातचा जात असतो. पुढे मूल जाते, सिंधू जाते. ज्या तर्काला आपण हसून मान डोलावली, त्याचीच ही परिणती आहे, हे प्रेक्षकाला उमगते. म्हणून विनोद शोकांतिकेला मारक नसून तिची पूर्वतयारी आहे, असे म्हणावे लागेल.

या हास्याची सामाजिक मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. बोरघाटाच्या पायथ्याशी असलेल्या कर्जत-खालापूर परिसरातील ठाकूर-कातकरी वस्त्यांत मोहाची दारू हा घरगुती आणि सामुदायिक व्यवहार होता. मुंबई इलाख्यातील १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू गाळणे परवान्याखाली आणले आणि घरचा व्यवहार गुन्हा ठरला. सुधाकराची बाटली या जगातली नव्हे. ती कचेरी, सनद आणि प्रतिष्ठा यांच्या जगातली आहे. गडकरी हसतात ते सुशिक्षित पांढरपेशाच्या आत्मवंचनेला. या तालुक्यांतील विद्यार्थ्याने तळीराम वाचताना हा भेद ध्यानी ठेवावा. अन्यथा मंडळाला हसता हसता तो पाड्यावरच्या माणसाला हसू लागेल, आणि ते हसू गडकऱ्यांचे नव्हे.