झेब्राफिशच्या पिल्लांसाठी कोरडे खाद्य

जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा झेब्राफिश मूळचा भारतीय उपखंडातल्या ओढ्यांतला आणि भातखाचरांतला. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला जनुकशास्त्राच्या अभ्यासात आणले. आज मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था इथेही त्याच्यावर संशोधन चालते.

खरी कसोटी लागते ती पिल्ले वाढवताना. अंड्यातल्या बलकावर पिल्लू साधारण पाच दिवस तग धरते. पुढे त्याला इवल्याशा तोंडात मावेल असे अन्न लागते. त्यासाठी आधी पॅरामेशियम किंवा रोटिफर हे सूक्ष्म जीव आणि नंतर आर्टेमिया हे खाऱ्या पाण्यातले जीव देण्याचा प्रघात आहे. हालणारे भक्ष्य पिल्लाला चटकन दिसते आणि ते पाण्यात बराच वेळ टिकते. पण हे जीव रोज जोपासावे लागतात, त्यांचे पोषणमूल्य बदलत राहते आणि त्यांच्यासोबत रोगजंतूही टाकीत शिरू शकतात.

म्हणून आता सुमारे 75 मायक्रॉनपासूनचे बारीक कोरडे खाद्य मिळते. मासा वाढेल तसा कणांचा आकार वाढवतात. घटक बऱ्याच अंशी ठरलेले असल्याने एकच खाद्य वापरणाऱ्या वेगवेगळ्या प्रयोगशाळांतल्या निष्कर्षांची तुलना सोपी होते.

मात्र न खाल्लेले कण कुजून पाणी बिघडवतात. त्यामुळे सुरुवातीला रोटिफर देऊन हळूहळू कोरड्या खाद्याकडे वळणे, ते थोडे थोडे अनेकदा घालणे आणि टाकी स्वच्छ ठेवणे, हीच पद्धत नव्या प्रयोगशाळांसाठी सर्वांत भरवशाची आहे.