पौर्णिमेचा स्फोट आणि वेगळी ताट-वाटी

१८ मे १९७४ रोजी राजस्थानातील पोखरण येथे जमिनीखाली अणुस्फोट झाला. तो ओळखला गेला 'स्मायलिंग बुद्धा' या नावाने. ११ मे १९९८ ला पुन्हा तेथेच, आणि तेही बुद्धपौर्णिमेला! करुणेचा मार्ग देणाऱ्या तथागतांचे नाव बॉम्बला कशाला, हा आमचा सवाल आजही कायम आहे. पण विहारात हा विषय निघाला की निषेध सारे करतात, अणूच्या पोटात काय घडते हे विचारले तर एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

१९७४ चा स्फोट विभाजनाचा. त्याचे प्लुटोनियम आपल्या मुंबईच्या ट्रॉम्बेत तयार झाले होते. प्लुटोनियमच्या जड केंद्रकावर न्यूट्रॉन आदळला की त्याचे दोन तुकडे होतात, प्रचंड ऊर्जा बाहेर पडते आणि दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात. ते पुढची केंद्रके फोडतात. दोनाचे चार, चाराचे आठ. सावकाराच्या व्याजालाही लाजवील अशी वाढ! तारापूरला युरेनियमची हीच साखळी लगाम घालून चालवतात व वीज काढतात.

संमीलन याच्या उलट. हायड्रोजनची हलकी केंद्रके जुळून हेलियम होतो. सूर्य त्यावरच तळपतो, मात्र त्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी अंश उष्णता असते.

लोक घाबरतात ते तिसऱ्या प्रकाराला, किरणोत्सर्गाला. आमच्या वस्तीतील एका ताईंना थायरॉईडसाठी किरणोत्सारी आयोडीन देण्यात आले. घरच्यांनी त्यांची ताट-वाटी कायमची वेगळी काढली. वेगळी ताट-वाटी! तीही आपल्या घरात! आम्ही त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो.

आम्ही पडलो हिशेबाचे माणूस. घटत्या बाकीवर घसारा काढतात, तसेच हे. आयोडीन-१३१ चा कोणता अणू केव्हा बदलेल ते सांगता येत नाही. पण दर ८ दिवसांनी उरलेल्यांपैकी निम्मे किरण टाकून झेनॉन वायू होतात. ८० दिवसांत हजारातला एकही भाग उरत नाही. शिवाय बरेचसे आयोडीन लघवीवाटे आधीच निघून जाते. म्हणून डॉक्टर सांगतील तितके दिवस लहान मुले व गरोदर बायांपासून अंतर ठेवायचे, भांडी वेगळी धुवायची. तेवढेच दिवस, त्यापुढे नाही.

सासूबाईंनी दिवस कॅलेंडरवर मांडून घेतले. मुदत संपली त्या सकाळी ताईंचे ताट त्यांनी स्वतः मांडणीवर इतरांच्या ताटांत लावले.